सायकल आणि ‘गाडी’ : नागर मराठीतील एका अर्थसंकोचाचा विचार

एखादी वस्तू समाजात येते तेव्हा तिच्याबरोबर तिचे नाव येते, हे सर्वपरिचित आहे. परंतु वस्तू समाजात असतानाच तिची नावे एकामागून एक दुसऱ्या वस्तूकडे जावीत, असे क्वचितच घडते. गेल्या शतकभरातील मराठीत सायकलीच्या बाबतीत हे घडले आहे. कोल्हापूर व पुणे या दोन शहरांतील भाषाव्यवहाराच्या आधारे या घटनेचे स्वरूप स्पष्ट करणे आणि शहरात सायकलीवरून वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिचा अर्थ काय, हे तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचे आगमन

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. त्या कोशात ‘गाडी’ आहे. सायकल असणे शक्यच नव्हते. समान आकाराच्या दोन चाकांची व साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास प्रचारात आली आणि हवेच्या रबरी धावेचा शोध १८८८ सालचा. या वाहनाचा परिचय होताच मराठीने तीन मार्गांनी त्याला नाव देण्याचा प्रयत्न केला. ‘बायसिकल’ हा शब्द जसाच्या तसा घेतला. ‘दुचाकी’ हा त्याचा अर्थानुवाद केला. आणि ‘पायगाडी’ हा आपल्या पद्धतीचा समास घडविला. पुढे पहिल्या शब्दाचे आद्याक्षर गळून ‘सायकल’ हे रूप स्थिर झाले.

या शब्दाला स्त्रीलिंग मिळाले ही बाब लक्षणीय आहे. मोटार, बस, स्कूटर, रिक्षा याही स्त्रीलिंगीच आहेत. उसनवार शब्दाला ज्या जातिवाचक शब्दाच्या पोटात घालावयाचे त्याचे लिंग देणे ही मराठीची एक प्रवृत्ती आहे, आणि येथे तो जातिवाचक शब्द ‘गाडी’ हा होता. (ट्रक, टेम्पो, डंपर, टँकर हे अवजड मालवाहू मात्र पुल्लिंगी झाले, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.) म्हणजे भाषेने प्रारंभी सायकलीची गणना निःसंशयपणे गाड्यांत केली होती. ‘सायकल’ हा शब्द मराठीत किती मुरला याचे गमक त्याच्या अनेकवचनात आहे. ‘वेल-वेली’ याप्रमाणे ‘सायकल-सायकली’ असे रूप होते. ‘सायकल्स’ असे कोणी म्हणत नाही. याउलट अलीकडे आलेल्या ‘बाईक’ या शब्दाचे ‘बाईक्स’ हे इंग्रजी अनेकवचन सर्रास ऐकू येते.

२. दुकानातील मराठी

सायकलीची खरी मराठी घडली ती दुरुस्तीच्या दुकानात. तेथील शब्द इंग्रजी न शिकलेल्या कारागिरांनी कानाने घेतले व आपल्या भाषेच्या नियमांत बसविले. ‘पेडल’चे ‘पायडल’ झाले, कारण ते पायाने मारावयाचे असते. लोकव्युत्पत्तीचे इतके स्वच्छ उदाहरण वर्गात शिकविण्यास दुसरे शोधावे लागू नये. सायकल संपूर्ण खोलून साफ करण्याच्या ‘ओव्हरहॉलिंग’चे ‘ओव्हरऑइलिंग’ झाले. या कामात तेल घालणे हा डोळ्यांना दिसणारा भाग असल्याने नवा शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक सार्थ ठरला. ‘व्हॉल्व’मधील अंत्य जोडाक्षर सुटून ‘व्हॉलट्यूब’ आली. कोल्हापुरात ‘डबलसीट’चे ‘डबलशीट’ होते. यामागे ‘म्हैस-म्हशी’ या रूपांत दिसणारी, इकारापूर्वी सकाराचा शकार करण्याची जुनी प्रवृत्तीच आहे. ‘शिग्नल’ व ‘शिमिट’ ही तिचीच अपत्ये होत.

क्रियापदांची निवडही अशीच बोलकी आहे. मराठीत पंक्चर ‘काढतात’. शब्दशः पाहता पंक्चर म्हणजे छिद्र, आणि छिद्र बुजवावयाचे असते. परंतु पायातला काटा काढावा त्याप्रमाणे दोष बाहेर काढण्याची कल्पना येथे बळावली. वाकडे फिरणारे चाक सरळ करणे म्हणजे ‘आउट काढणे’, हा प्रयोगही त्याच साच्यातला. छर्रे, आरे, चिमटा, दांडी हे तर घरचेच शब्द. ताशी भाड्याने मिळणारी सायकल, दांडीवर बसविलेले मूल, मधल्या दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारणारा शाळकरी मुलगा, मागील कॅरियरला अडकविलेली दुधाची कॅन या साऱ्यांनी मिळून एक संपूर्ण शब्दक्षेत्र उभे केले. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणत ते याच काळात. कोल्हापुरातही खेड्यांतून दूध घेऊन येणारे, उद्यमनगरातील कारखान्यांत पाळीला जाणारे, महाविद्यालयात शिकणारे व शिकविणारे असे भिन्न थरांतील लोक एकाच वाहनावर दिसत.

३. तीन नावांचे स्थलांतर

या भरभराटीच्या काळातच बदलाची बीजे पडली. १९७२ साली पुण्याच्या परिसरातून दोन वाहने बाजारात आली: बजाज कंपनीची चेतक स्कूटर आणि कायनेटिक कंपनीची लूना. त्यांपैकी लूना ही भाषेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होय, कारण तिला पायडल होते. सायकल व मोटारसायकल यांच्यामधील ती पायरी होती.  यापुढील काळात सायकलीची तीन नावे तिच्यापासून दूर गेली.

पहिले नाव ‘दुचाकी’. हा शब्द सायकलीसाठी घडला. आज वृत्तपत्रांत, पोलीस ठाण्यांत व परिवहन कार्यालयांत तो केवळ इंजिनाच्या वाहनाला लावतात. ‘दुचाकीची सायकलला धडक’ असे वाक्य आज कोणासही खटकत नाही. शब्दार्थाप्रमाणे त्यात एका दुचाकीने दुसऱ्या दुचाकीला धडक दिलेली असते. रूढार्थाप्रमाणे सायकल दुचाकी उरलेलीच नाही.

दुसरे नाव ‘बाईक’. इंग्रजीत हा ‘बायसिकल’चाच संक्षेप असून त्या भाषेत तो दोन्ही वाहनांना लागू पडतो. मराठीने मात्र तो उसना घेताना फक्त मोटारसायकलीसाठी घेतला. अशा रीतीने ‘बायसिकल’ या एकाच शब्दाचे शीर व धड मराठीत दोन वाहनांत वाटले गेले: ‘बाय’चा वंशज इंजिनाकडे, ‘सायकल’ पायडलाकडे.

तिसरे नाव ‘गाडी’, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. बैलगाडी, आगगाडी, घोडागाडी, हातगाडी, मोटारगाडी या सर्वांना पोटात घेणारा हा व्यापक शब्द होता. सायकलीच्या दुकानातील कारागीर अजूनही समोरच्या सायकलीला गाडी म्हणतो. परंतु दुकानाबाहेर स्थिती निराळी आहे. एक साधी कसोटी लावून पाहता येते. कोल्हापुरात वा पुण्यात एखाद्यास ‘गाडी आणली आहे का?’ असे विचारले, तर सायकलीवर आलेला मनुष्य ‘नाही, सायकलीवर आलोय’ असे उत्तर देतो. त्यातील ‘नाही’ हाच येथे पुरावा होय. स्कूटरवर आलेला असे कधीच म्हणत नाही. ‘गाडी लावायला जागा’, ‘गाडीची किल्ली’, ‘मुलाला गाडी घेऊन दिली’ या प्रयोगांतही सायकल अभिप्रेत नसते.

परिभाषेत बोलावयाचे तर हा अर्थसंकोच आहे. असे संकोच प्रत्येक भाषेत होतात आणि त्यांत स्वतः काही अनिष्ट नाही. सामान्यतः ज्या वस्तूचा व्यवहारात भरणा अधिक, तिच्याकडे व्यापक शब्द झुकतो. परंतु २०११ च्या जनगणनेत भारतातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल, २१ टक्क्यांकडे इंजिनाची दुचाकी आणि केवळ ४.७ टक्क्यांकडे मोटार आढळली. तेव्हा निदान देशपातळीवर शब्द संख्येच्या मागे गेला नाही. तो प्रतिष्ठेच्या व वेगाच्या मागे गेला, असे अनुमान काढणे भाग आहे.

४. स्वाराला नाव कोणते?

वाहनाबरोबर माणसाच्या नावाचाही विचार केला पाहिजे. आज मराठीत सायकल चालविणाऱ्यासाठी सायकलपटू, सायकलप्रेमी, सायकलवीर आणि सायकलस्वार असे शब्द आहेत. पहिले तिन्ही शब्द छंद, व्यायाम वा पराक्रम सुचवितात. पहाटे पन्हाळ्याचा चढ चढून येणारा सायकलपटू होतो. परंतु त्याच पहाटे दूध घालणारा, रात्रपाळी संपवून घरी परतणारा किंवा बांधकामावर निघालेला मजूर यांना सायकलप्रेमी म्हणता येत नाही. त्यांच्या वाट्याला उरतो तो ‘सायकलस्वार’; आणि हा शब्द प्रामुख्याने अपघाताच्या वृत्तात भेटतो.

त्या वृत्तांची वाक्यरचना अभ्यसनीय आहे. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार’ हा तिचा ठरलेला साचा. यात कर्तृस्थानी मेलेला मनुष्य आहे, क्रिया ‘ठार होणे’ अशी अकर्मक आहे, आणि ज्याच्या हातून ती घडली तो माणूस वाक्यात कोठेही नाही. त्याच्या जागी वाहन आहे. नाव सिद्ध झाले नसल्याने वार्ताहर सावधगिरी बाळगतो, असे यावर म्हणता येईल. परंतु चोरीच्या वृत्तात तीच सावधगिरी ‘अज्ञात चोरट्याने साखळी लांबविली’ अशी रचना करते. तेथे नाव अज्ञात असले तरी माणूस ज्ञात आहे. येथे माणूसच नाहीसा होऊन वाहन अज्ञात ठरते. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत इंजिनाच्या दुचाकीवरील सुमारे ४४ टक्के, पादचारी सुमारे १९ टक्के आणि सायकलस्वार सुमारे ३ टक्के होते. एवढ्या मृत्यूंची वार्ता भाषेने कर्त्यावाचून सांगावी, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

५. नोंद आणि नियोजन

शब्दातून बाहेर पडलेली वस्तू नोंदीतूनही कशी बाहेर पडते, हे पाहण्यासारखे आहे. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत व कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. बिल्ला नसला अथवा रात्री दिवा नसला की पोलीस सायकल अडवी. हा कर लोकांना जाचक वाटे. कालांतराने तो बहुतेक ठिकाणी बंद झाला. परंतु सायकलस्वाराची नगरपालिकेच्या दप्तरातील नोंद ती तेवढीच होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी होते ती यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनाची. त्यामुळे ‘शहरात वाहने किती?’ या प्रश्नाच्या उत्तरात सायकल मोजलीच जात नाही. २०१८ च्या सुमारास पुण्यातील नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येहून अधिक झाल्याचे जाहीर झाले. त्या आकड्यात सायकली नव्हत्या.

पुणे महानगरपालिकेने २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात ८०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या सायकल मार्गांचे जाळे प्रस्तावित होते. त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलींची नवी योजनाही सुरू झाली. काही वर्षांतच ती मावळली. येथील परिभाषा पाहण्याजोगी आहे. रस्ता हा निरुपपद, आणि सायकलीचा तो ‘सायकल मार्ग’ किंवा ‘सायकल ट्रॅक’. म्हणजे विशेषण न लावलेला रस्ता सायकलीचा नाही, हे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात ज्या सायकल मार्गांवर गाड्या उभ्या केलेल्या आढळतात, तेथे हे विशेषणही सायकलीच्या वाट्याला पुरते येत नाही.

कोल्हापूरचा अनुभव याला जोडून पाहता येतो. शहरांतर्गत रस्त्यांवरील टोलविरुद्ध येथील नागरिकांनी दीर्घकाळ आंदोलन केले आणि २०१५ च्या अखेरीस शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. रस्ता हा नागरिकांचा आहे, हे त्या आंदोलनाचे मूलतत्त्व होते. परंतु वाद टोलाचा असल्याने बोलणे स्वाभाविकपणे गाडीवाल्यांचे झाले. दरपत्रकात ज्याचे नावच नव्हते, त्या सायकलस्वाराचा व पादचाऱ्याचा रस्त्यावरील हक्क हा त्याच तत्त्वातून निघणारा पुढचा प्रश्न होय. तो अद्याप तितक्या ठामपणे विचारला गेलेला नाही.

६. समारोप

वरील विवेचनावरून शब्दांनी रस्ते अरुंद केले असा निष्कर्ष कोणी काढू नये. रस्त्यांची रचना, वाढलेली अंतरे, स्वस्त कर्जे, अपुरी सार्वजनिक वाहतूक ही कारणे उघड आहेत. भाषा येथे कारण नसून साक्षीदार आहे. मात्र साक्षीदाराची जबानी नोंदविली गेली नाही, तर घडलेली गोष्ट नैसर्गिक वाटू लागते. ‘गाडी’ म्हणजे इंजिन, ‘दुचाकी’ म्हणजे इंजिन, ‘वाहन’ म्हणजे इंजिन असे एकदा अंगवळणी पडले, की सायकलीवरून कामाला जाणारा मनुष्य रस्त्यावर असूनही वाक्यात नसतो, आणि वाक्यात नसलेल्याची आठवण नकाशा काढताना सहसा होत नाही.

या विषयात विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानांतील शब्दसंपत्ती अजून ऐकावयास मिळते. पण ती ज्यांच्या तोंडी आहे ते कारागीर वृद्ध होत आहेत. ती स्थानिक उच्चारांसह संगृहीत झाली पाहिजे. तसेच वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून ‘दुचाकी’ हा शब्द सायकलीपासून नेमका कोणत्या दशकात सुटला, हे क्रमवार दाखविता येईल. त्या दशकाचा शोध लागला, तर शहराने आपल्या एका मोठ्या वर्गाला रस्त्यातून वगळावयास केव्हा आरंभ केला, याचाही अंदाज त्याच कागदांतून मिळेल.