विमानातील सामान आणि लेखी तक्रार

विमानातील सामानावर पिंगळीत बोलायचे म्हटल्यावर काही मित्रांना हसू आले. पण आता मराठवाड्यातली माणसे आखाती देशांत कामाला जातात, आईबाप मुलांना भेटायला परदेशी जातात. ज्याच्या बॅगेत दोन वर्षांच्या कमाईच्या वस्तू आहेत, त्याला ती फिरत्या पट्ट्यावर दिसली नाही तर त्याच्या पोटात खड्डा पडतो. मग तो काउंटरवर तोंडी सांगतो, "येईल उद्या" असे ऐकतो आणि पुढची गाडी गाठायला निघतो. हक्क हातचा निसटतो तो येथेच. तोंडी गाऱ्हाणे हे गाऱ्हाणेच नव्हे, हे आम्ही कामगार चळवळीत फार लवकर शिकलो.

वास्तविक कायदा प्रवाशाच्या बाजूचा आहे. १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू झाला. त्यानुसार कंपनीच्या ताब्यात दिलेले सामान हरवले वा मोडले, तर चूक कोणाची हे प्रवाशाने सिद्ध करावे लागत नाही. वस्तूच मुळात सदोष असेल तर गोष्ट वेगळी. हातातल्या पिशवीसाठी मात्र कंपनीचा दोष दाखवावा लागतो. आपल्या रेल्वेचा नियम याच वळणाचा आहे : पावती केलेल्या सामानाची जबाबदारी तिची, बाकाखालच्या ट्रंकेची मात्र तिचा निष्काळजीपणा दाखविल्याशिवाय नाही. आणखी एक. कराराहून कमी जबाबदारी सांगणारे कलम कंपनीने तिकिटाच्या अटींत घातले, तर ते रद्दबातल ठरते. हे वाचून आम्हांला मनापासून आनंद झाला. बारीक अक्षरांनी आजवर कामगारांना थोडे का फसविले आहे!

तेव्हा विमानतळ सोडण्यापूर्वी 'प्रॉपर्टी इर्रेग्युलॅरिटी रिपोर्ट' नावाचा तक्रारनामा भरून घ्यावा, त्याचा क्रमांक व प्रत मागावी. बोर्डिंग पासला चिकटवलेली सामानाची चिठ्ठी फेकू नये. तीच आपली पावती. काउंटरवरचा माणूस बहुधा कंत्राटी नोकर असतो. त्याच्यावर ओरडून काय मिळणार? घरी येऊन कंपनीला पुन्हा लेखी कळवावे : सामान मोडले असल्यास हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाल्यास २१ दिवसांत. मुकाट्याने बॅग घेतली तर ती सुस्थितीत मिळाली असेच धरले जाते. यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. दावा २ वर्षांच्या आत.

परदेश प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून करारानुसार १,५१९ एसडीआर, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. देशांतर्गत प्रवासात २०,००० रुपये. ही कमाल आहे, बक्षीस नव्हे. खरेदीच्या पावत्या दाखवाव्या लागतात. सोने आणि कागदपत्रे हातातच ठेवावीत.

देशांतर्गत प्रवासात कंपनीने दाद दिली नाही, तर मुंबई-दिल्लीच्या खेपा नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे फिर्याद करता येते. म्हणजे परभणीस, आणि वकील सक्तीचा नाही.

तक्रारनाम्यात पत्ता लिहिताना मात्र तालुका, जिल्हा आणि पिन कोड सोडू नये. एक पिंगळी साताऱ्यात माण तालुक्यात आहे आणि कुडाळजवळ पिंगुळी आहे; सापडलेली बॅग तिकडे जायला एवढे पुरेसे आहे.