दाबली की हवा तापते! सुपरचार्जर लावलेल्या ट्रकमध्ये इंटरकूलर नेमकं काय काम करतो?

सायकलच्या पंपाने टायरमध्ये हवा भरताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. दहा-पंधरा वेळा जोरात पंप मारला की पंपाचं खालचं टोक चांगलंच गरम होतं. अनेकांना वाटतं, हे घर्षणामुळे होतं. घर्षणाचा वाटा त्यात असतोच, पण खरं कारण वेगळं आहे. हवा दाबली की ती तापते.

निसर्गाचा हा साधा नियम ७०० हॉर्सपॉवरच्या ट्रकसाठी मोठी डोकेदुखी ठरतो. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे इंटरकूलर. चला, समजून घेऊया.

आधी हे पाहू, हवा दाबायचीच कशाला?

इंजिनात इंधन जळतं, पण जळायला त्याला ऑक्सिजन लागतो. जास्त ताकद हवी असेल तर जास्त इंधन जाळावं लागतं, आणि त्यासाठी जास्त हवा लागते. साधं इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेवढी हवा ओढेल तेवढ्यावरच भागवतं. सुपरचार्जर मात्र इंजिनात हवा अक्षरशः कोंबतो.

इथे सुपरचार्जर आणि टर्बोचार्जर यांची गल्लत होते. काम दोघांचं एकच, पण टर्बो फिरतो तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर, तर सुपरचार्जर फिरतो इंजिनाला जोडलेल्या पट्ट्यावर. म्हणून सुपरचार्जरची ताकद ॲक्सिलरेटर दाबताक्षणी मिळते. त्याबदल्यात तो इंजिनाचीच थोडी शक्ती खातो.

अमेरिकेत ट्रक म्हटलं की अनेकदा पिकअप गाडी अभिप्रेत असते. फोर्डच्या एफ-१५० पिकअपचं 'लाइटनिंग' हे मॉडेल १९९९ ते २००४ या काळात सुपरचार्जरसह मिळत होतं. त्याचं ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन सुरुवातीला ३६० आणि २००१ पासून ३८० हॉर्सपॉवर देत होतं. त्याच काळातल्या साध्या एफ-१५० मध्ये ५.४ लिटरचंच इंजिन होतं, पण त्याची ताकद होती २६० हॉर्सपॉवर. २०२१ च्या मॉडेलपासून आलेल्या रॅम १५०० टीआरएक्सने तर ६.२ लिटरच्या सुपरचार्ज्ड इंजिनातून ७०२ हॉर्सपॉवर काढली.

मग अडचण कुठे येते?

एक साधा हिशोब करून पाहू. लाइटनिंगमध्ये सुपरचार्जर हवेवर साधारण ८ पीएसआय जादा दाब टाकत असे. पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरताना जो पीएसआय बघतो, तोच हा. म्हणजे हवेचा दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा दीडपटीहून थोडा जास्त होतो.

बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असेल, तर एवढ्या दाबाने हवा आदर्श परिस्थितीतही ७० अंशांच्या आसपास पोहोचते. पण कुठलंही यंत्र आदर्श नसतं. सुपरचार्जरची कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर हीच हवा १०० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे इंजिनात शिरणारी हवा उकळत्या पाण्याइतकी गरम!

याचे दोन तोटे होतात.

पहिला तोटा : गरम हवा विरळ असते. तेवढ्याच जागेत तिचे रेणू कमी मावतात, म्हणजे ऑक्सिजनही कमी. ज्यासाठी सगळा खटाटोप केला, तेच हातातून निसटतं.

दुसरा तोटा : हा जास्त धोकादायक आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर इंधन एका क्रमाने जळायला हवं. हवा फार गरम असेल तर मिश्रणाचा काही भाग आपोआप पेट घेतो. इंजिनातून टक-टक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. जोराचं नॉकिंग सुरू राहिलं तर पिस्टन फुटू शकतो. आधुनिक गाड्यांमध्ये कॉम्प्युटर ते ओळखतो आणि ठिणगीची वेळ मागे ढकलतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते.

इंटरकूलर इथे कामाला येतो

दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा भाग म्हणजे इंटरकूलर. वरच्या उदाहरणातली १०३ अंशांची हवा ५० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. तेवढा जादा ऑक्सिजन मिळतो आणि नॉकिंगचा धोकाही कमी होतो.

इंटरकूलरचे मुख्य प्रकार दोन.

१. हवेने हवा थंड करणारा : गरम हवा ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांमधून जाते आणि समोरून येणारा वारा नळ्यांवरच्या पातळ पापुद्र्यांमधून वाहत उष्णता घेऊन जातो. रचना सोपी, बिघडायला फार काही नाही. आपल्याकडच्या टर्बो डिझेल ट्रकमध्ये रेडिएटरच्या पुढे दिसणारी जाळी बहुधा हीच असते.

२. पाण्याने हवा थंड करणारा : सुपरचार्जर बहुतेक वेळा व्ही-८ इंजिनाच्या डोक्यावर बसवलेला असतो. तिथून हवा पाइपने गाडीच्या नाकापर्यंत नेऊन परत आणायची तर जागा जाते आणि प्रतिसादही मंदावतो. म्हणून इंटरकूलर सुपरचार्जरला लागूनच बसवतात आणि त्यातून पाणी व कूलंटचं मिश्रण फिरवतात. लाइटनिंग आणि टीआरएक्स दोन्हींमध्ये हीच पद्धत आहे.

मग हीट एक्स्चेंजर म्हणजे काय?

पाण्याने हवेची उष्णता घेतली, पण ती पुढे कुठेतरी सोडायला हवी. त्यासाठी गाडीच्या पुढच्या भागात एक छोटा रेडिएटर असतो. त्यालाच हीट एक्स्चेंजर म्हणतात. विजेवर चालणारा पंप पाणी इंटरकूलरकडून तिथे नेतो, वारा ते थंड करतो आणि पाणी परत फिरतं.

इथे अनेकांना प्रश्न पडतो : इंजिनाचा मोठा रेडिएटर असताना दुसरा कशाला? उत्तर सोपं आहे. इंजिनातलं कूलंट ९० ते १०० अंशांवर फिरत असतं. तेवढ्या गरम पाण्याने १०३ अंशांची हवा किती थंड होणार? म्हणून हा मार्ग वेगळा ठेवतात.

पाण्याची एक मोठी जमेची बाजू आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३,५०० पट उष्णता पोटात घेऊ शकतं. त्यामुळे काही सेकंदांचा जोराचा पिकअप पाणी सहज झेलतं. पण ट्रेलर ओढत लांब चढ चढायचा असेल, तर पाणीही हळूहळू तापतं. याला हीट सोक म्हणतात. तेव्हा हीट एक्स्चेंजर किती मोठा आहे आणि पंप किती पाणी फिरवतो, यावर सगळं ठरतं.

आणि एक मर्यादा लक्षात ठेवा. वाऱ्यावर चालणारा कुठलाही इंटरकूलर हवेला बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. ड्रॅग रेसवाले म्हणूनच टाकीत बर्फ टाकतात. २०१८ च्या डॉज डेमन कारमध्ये तर हे पाणी थंड करायला एसीची यंत्रणा वापरली होती.

कल्पना जुनीच!

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांना उंचीवरच्या विरळ हवेत ताकद कमी पडत होती. १९४२ मध्ये सेवेत आलेल्या स्पिटफायर मार्क ९ मध्ये रोल्स-रॉइसचं दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं मर्लिन इंजिन होतं. दोनदा दाबलेली हवा फार तापत असल्याने त्याला द्रवाने थंड होणारा इंटरकूलर जोडला होता.

आपल्याकडच्या ट्रकचालकाला याचं काय?

कसारा किंवा खंबाटकी घाट चढणाऱ्या मालट्रकमध्ये सुपरचार्जर नसतो, टर्बो असतो. पण नियम तोच. टर्बोतून निघालेली हवा भर लोडमध्ये १५० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. ती थंड झाली तर ओढ वाढते, शिवाय ज्वलनाचं तापमान कमी राहिल्याने नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू कमी तयार होतो.

म्हणून पुढील लक्षणांकडे दुर्लक्ष नको :

- चढावर गाडी अचानक ओढत नाही
- ॲक्सिलरेटर दाबल्यावर 'फस्स' असा आवाज येतो
- जुन्या गाडीत काळा धूर वाढतो

अशा वेळी होजपाइप फाटला आहे का, क्लिप सैल झाली आहे का, हे आधी पाहावं. जाळीत चिखल, धूळ आणि किडे अडकले असतील तर ती स्वच्छ करावी. मात्र फार जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने पापुद्रे वाकतात.

पाण्याचा इंटरकूलर असेल, तर कूलंट कारण नसताना कमी होतंय का यावर नजर हवी. इंटरकूलर आतून गळला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि अख्खं इंजिन खोलावं लागतं.

थोडक्यात, हवा कोंबल्याने ताकद मिळते, पण ती टिकते हवा थंड ठेवल्यानेच. म्हणून गाडीची ओढ कमी झाली की लगेच इंजिनाला दोष देऊ नका, आधी पुढच्या जाळीकडे एक नजर टाका.