विद्यामंदिरांतील छळ आणि संघटनेचें बळ

विद्यापीठ म्हटलें कीं शांत ग्रंथालय, विस्तीर्ण आवार आणि व्यासंगांत रमलेलीं माणसें असें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. गिरणींतला मुकादम मजुराला शिवीगाळ करतो, तो छळ सर्वांना दिसतो आणि ऐकूंही येतो. परंतु जेथें सुशिक्षित माणसें एकत्र काम करतात, तेथें छळ कसला व्हायचा, अशी सामान्य समजूत असते. ही समजूत खरी नाहीं. विद्यापीठांतही छळ होतो. त्याची भाषा तेवढी सौम्य असते. अध्यापकाचें वेळापत्रक आदल्या दिवशीं बदललें जातें. ज्या समितीवर त्यानें वर्षानुवर्षें काम केलें, तिच्या यादींतून त्याचें नांव कांहींही न सांगतां गळतें. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली जाते. पत्रांना उत्तर येत नाहीं. सहकाऱ्यांदेखत, क्वचित् विद्यार्थ्यांदेखतही, त्याच्या कामाचा उपहास होतो. यांतली एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली तर ती क्षुल्लक वाटेल, आणि तक्रार करावयास जावें तर ऐकणारा हंसेल. पण थेंबाथेंबानें दगड झिजावा, तसा या क्षुल्लक गोष्टींनीं माणूस झिजत जातो.

या प्रकाराला नांव मिळण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनीं, पुष्कळ दुर्बळ पक्षी एकत्र जमून एखाद्या बलवान शत्रूला हुसकून लावतात, या क्रियेचें वर्णन केलें होतें. इंग्रजींत तिला 'मॉबिंग' म्हणतात. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनीं हाच शब्द कचेऱ्या व कारखाने यांतील माणसांच्या वर्तनास लावला. त्यांनीं त्याचें मोजमापही ठरविलें. असा त्रास आठवड्यांतून निदान एकदां आणि निदान सहा महिने होत राहिला, तरच त्यास छळ म्हणावें. वरिष्ठ एखाद्या दिवशीं रागावला, एवढ्यानें तो छळ होत नाहीं. सातत्य हें छळाचें मुख्य लक्षण होय. स्वीडननें १९९३ सालीं याविषयीं स्वतंत्र नियम केले. ब्रिटनमध्यें हा विषय लोकांपर्यंत पोंचविण्यांत नभोवाणीचा मोठा वाटा होता. पत्रकार अँड्रिया अ‍ॅडम्स यांनीं बी. बी. सी. वरील कार्यक्रमांतून कामाच्या ठिकाणच्या छळाला वाचा फोडली आणि १९९२ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढें कॅनडांतील समाजशास्त्रज्ञ केनेथ वेस्टह्यूज यांनीं विद्यापीठांकडेच लक्ष वळविलें आणि सहकारी व अधिकारी एकवटून एखाद्या प्राध्यापकाला बाहेर कसें घालवितात, याचा अभ्यास केला.

विद्येच्या क्षेत्रांत हा रोग सहज कां रुजावा? एक कारण असें कीं, टीका हा विद्येचा प्राण आहे. दुसऱ्याच्या सिद्धांतांतील उणीव दाखविणें हें विद्वानाचें कर्तव्यच. त्यामुळें द्वेषालाही परखडपणाचें वस्त्र पांघरतां येतें. टीका मताची असते, छळ माणसाचा असतो, हा भेद सांगावयास सोपा, पण सिद्ध करावयास कठीण. दुसरें कारण उपजीविकेचें. विषय जितका सूक्ष्म, तितके त्यांतले जाणकार थोडे. शिफारस, अनुदान, बढती हें सर्व त्या थोड्यांच्या हातीं असतें. त्यांतल्या एकाची अवकृपा झाली, तर दुसऱ्या गांवींही दार उघडत नाहीं. तिसरें कारण अस्थिरतेचें. ब्रिटनमध्यें १९८६ पासून विद्यापीठांतील संशोधनाचें ठराविक काळानें मूल्यमापन होऊं लागलें. अध्यापकांना निवृत्तीपर्यंत नोकरीची जी जुनी शाश्वती होती, ती १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानें, २० नोव्हेंबर १९८७ पासून नेमलेल्यांच्या बाबतींत काढून घेतली. संशोधन-सहायकांच्या नेमणुका तर बहुधा मुदतीच्याच. आपली नेमणूक पुढील वर्षीं चालूं राहील कीं नाहीं, हें ज्याच्या मर्जीवर अवलंबून, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आणि ही झाली अध्यापकांची गोष्ट. ग्रंथालयांतील नोकर, प्रयोगशाळेंतील मदतनीस, कारकून आणि झाडलोट करणारे यांना तर विद्वत्तेच्या प्रतिष्ठेचाही आधार नसतो.

येथेंच कामगार संघटनेचा प्रश्न येतो. आपण मजूर नव्हे, विद्वान आहों, या भावनेनें अध्यापकवर्ग पुष्कळ दिवस संघटनेपासून संकोचून दूर राहत आला. तरीही ब्रिटनमधील विद्यापीठ-अध्यापकांची संघटना १९१९ सालीं निघाली. २००६ सालीं ती आणि उच्च शिक्षणांतील दुसरी एक संघटना यांचें एकीकरण होऊन आजची 'युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन' जन्मास आली. इतर कर्मचारी 'युनिसन' व 'युनाइट' या व्यापक संघटनांत आहेत. पगार आणि निवृत्तिवेतन यांसाठीं संप करणाऱ्या संस्था एवढीच त्यांची ओळख लोकांना असते. पण छळाच्या प्रसंगीं संघटना जें करते, तें बहुधा बंद दाराआड आणि गाजावाजा न होतां घडतें.

पहिलें काम नोंदींचें. संघटनेचा प्रतिनिधि पीडिताला सांगतो कीं, प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. सुट्या घटना एका ओळींत मांडल्या कीं त्यांतलें सातत्य दिसूं लागतें. दुसरें काम सोबतीचें. १९९९ च्या ब्रिटिश कायद्यानें कोणत्याही कामकऱ्यास तक्रारीच्या किंवा शिस्तभंगाच्या सुनावणीस संघटनेचा पदाधिकारी अथवा एखादा सहकारी बरोबर नेण्याचा हक्क दिला. मालकानें संघटनेला मान्यता दिलेली नसली तरी हा हक्क राहतो. सोबत्याला बाजू मांडतां येते, समारोप करतां येतो, मध्यें थांबून सल्ला देतां येतो. मात्र कामकऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या वतीनें देतां येत नाहीं. सोबती त्या दिवशीं मोकळा नसेल, तर सुनावणी पांच कामाच्या दिवसांपर्यंत पुढें ढकलून घेतां येते. तिसरें काम आरोग्याचें. १९७७ च्या नियमांप्रमाणें संघटनेनें नेमलेल्या सुरक्षा-प्रतिनिधीस कामाच्या जागेची तपासणी व तक्रारींची चौकशी करतां येते. २००४ सालीं तेथील आरोग्य व सुरक्षा खात्यानें मानसिक ताणाविषयीं सहा बाबींचे मानदंड घालून दिले. परस्परसंबंध ही त्यांतली एक. त्यामुळें एका विभागांत चौघे आजारी पडले, तर तो चौघांचा दुबळेपणा न राहतां त्या विभागाचा दोष म्हणून मांडतां येतो.

न्यायालयाचा मार्ग आहे, पण तो अरुंद आहे. कामाच्या ठिकाणच्या छळाची स्वतंत्र व्याख्या करणारा कायदा ब्रिटननें अजून केलेला नाहीं. १९९७ चा छळप्रतिबंधक कायदा मुख्यतः पाठलाग करणाऱ्यांसाठीं झाला होता. २००६ सालीं लंडनमधील एका रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याच्या दाव्यांत लॉर्ड्स सभेच्या न्यायमंडळानें ठरविलें कीं, नोकरानें केलेल्या अशा छळाची जबाबदारी मालकावरही येऊं शकते. परंतु दावा लढविण्यास लागणारा पैसा आणि मनोबल एकट्याजवळ क्वचितच असतें.

संघटनेची खरी कसोटी मात्र निराळी आहे. कारखान्यांत मालक एका बाजूस आणि मजूर दुसऱ्या बाजूस असतो. विद्यापीठांत विभागप्रमुख आणि त्याच्या हाताखालचा अध्यापक पुष्कळदां एकाच संघटनेचे सभासद असतात. दोघांचीही वर्गणी एकाच पेटींत पडते. अशा वेळीं बलवान सभासदाला दुखवूं नये, हा मोह पडतो, आणि त्याला बळी पडलेली संघटना पीडिताला दुसऱ्यांदा एकटें पाडते. दोघांना दोन निरनिराळे प्रतिनिधि देणें, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही न्याय्य सुनावणी मिळवून देणें, हाच यांतून निघणारा सरळ मार्ग. शिस्त लावणारा प्रत्येक वरिष्ठ छळणारा नसतो. आरोप झाला एवढ्यावरून कोणी अपराधी ठरत नाहीं. संघटनेनें न्यायाधीश होऊं नये. न्याय मागणाऱ्याला न्यायाच्या दारापर्यंत सोबत करावी.

शिक्षक हा कामगार कीं नाहीं, हा प्रश्न भारतांत न्यायालयापुढेंच गेला. गोव्यांतील एका शाळेंतील शिक्षिकेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९८८ सालीं निर्णय दिला कीं, शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरत असली, तरी शिक्षक हा १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हे. शिक्षकांसाठीं वेगळी न्याययंत्रणा असावी, अशी अपेक्षाही न्यायालयानें त्याच वेळीं व्यक्त केली. महाराष्ट्रांत २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानें न्यायाधिकरण आणि तक्रार निवारण समिति यांची तरतूद केली आहे. लैंगिक छळासाठीं २०१३ च्या कायद्यानें अंतर्गत समिति बंधनकारक आहे. परंतु न्यायाधिकरणाकडे मुख्यतः बडतर्फी आणि पदावनति यांविरुद्धचीं अपिलें जातात. आणि ज्या छळांत कोणताही लेखी हुकूम निघत नाहीं, त्याविरुद्ध अपील कशावर करावें? मुंबईची 'बुक्टू' आणि राज्यव्यापी 'एम्फुक्टो' या प्राध्यापक-संघटना वेतन व सेवाशर्ती यांसाठीं लढत आल्या आहेत. हुकुमावांचून होणाऱ्या छळाची नोंद घेणें, हेंही अशा संघटनांचेंच काम होय.

छळणाऱ्याचें मुख्य साधन अधिकार हें नसून एकटेपणा हें असतें. पीडित माणूस प्रथम आपल्याच कर्तबगारीविषयीं शंका घेऊं लागतो, मग सहकाऱ्यांना टाळतो, आणि अखेर राजीनाम्याचा कागद पुढें करतो. त्या कागदावर कारण म्हणून बहुधा 'प्रकृतिअस्वास्थ्य' असें लिहिलेलें असतें, आणि दप्तरांत तेवढेंच उरतें. म्हणून नोंदवही उघडण्याची आणि प्रतिनिधीस भेटण्याची वेळ राजीनाम्याच्या आधींची आहे. घरांतील जाणतें माणूस जर कामावरून उतरल्या तोंडानें येऊं लागलें, तर त्याला ही गोष्ट सांगण्याचें काम घरच्यांनींही करण्याजोगें आहे.