एका अक्षराची चौकशी

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिककडे निघालात की पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव लागते. २००६ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे दोन हजारांवर माणसे तापाने फणफणली. ताप उतरला तरी सांधे मोकळे होईनात. हा चिकुनगुन्या. तो आपल्याकडे पसरवतो एडिस ईजिप्ती हा दिवसा चावणारा डास. जळगाव-धुळ्याकडे ज्या गावांत रोज पाणी येत नाही, तेथे रांजण भरून ठेवावेच लागतात आणि या डासाची आयतीच सोय होते.

त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरही हीच साथ होती. तेथे मात्र ती पसरवत होता झाडीत राहणारा एडिस अल्बोपिक्टस. असे का?

या विषाणूचा सारा आराखडा म्हणजे आर.एन.ए.ची सुमारे बारा हजार अक्षरांची ओळ. ती वाचल्यावर दिसले की, ई-१ या प्रथिनात २२६ व्या जागी २००६ च्या भारतीय विषाणूंत अॅलनीन हे अमिनो आम्ल आहे, तर रियुनियनच्या साथीतील नंतरच्या विषाणूंत व्हॅलीन. फरक एका अक्षराचा! पण दोन विषाणूंत इतरही फरक असतात. दोन घरच्या भरिताची चव वेगळी लागली, तर कारण वांगी, मिरची की तेल, हे नुसते चाखून कळते का? एकाच घरी दोनदा भरीत करावे आणि फक्त मिरची बदलावी.

अमेरिकेत गॅल्व्हस्टन येथील शास्त्रज्ञांनी २००७ साली नेमके हेच केले. आर.एन.ए.त हवे ते अक्षर बदलणे कठीण, म्हणून त्याची डी.एन.ए. प्रत काढून त्यात बदल केला. तिच्यावरून पुन्हा आर.एन.ए. बनवून ते पेशींत सोडले. पेशींनी त्यापासून विषाणू घडवले. मेंडेलने वाटाण्याचे गुण पाहून आनुवंशिक घटकांचा तर्क केला होता. येथे आधी जनुक बदलायचे, मग गुण पाहायचा. म्हणून हे 'उलटे' जनुकशास्त्र. (असे प्रयोग बंदिस्त प्रयोगशाळेतच होतात.)

मग हे जुळे विषाणू रक्तात मिसळून डासांना पाजले. अल्बोपिक्टसला बाधा व्हायला व्हॅलीनवाले विषाणू कितीतरी कमी पुरले. ईजिप्तीत मात्र त्यांना असा काहीच फायदा मिळाला नाही. म्हणजे आपल्या रांजणातल्या डासाला जुना विषाणूच पुरेसा होता! केरळात, जेथे रबराचा चीक धरण्याच्या वाट्यांतही अल्बोपिक्टस वाढतो, २००७ साली व्हॅलीनवाला सापडला.

तेव्हा खानदेशात लक्ष रांजणावर. तो आठवड्यातून एकदा नुसता रिकामा करून भागत नाही. ईजिप्तीची अंडी आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी असतानाही महिनोन्महिने टिकतात. रांजण आतून घासावाच लागतो.