खाली कोण राहतं?

पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क धरण धनिकांच्या मासेमारी क्लबचं होतं. पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते. क्लबने ते पुन्हा बसवले नाहीत, उलट मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी मातीचा भराव वाहून गेला आणि जॉन्सटाउन परिसरात २,२०० हून अधिक माणसं दगावली. कोर्टात क्लबचं काहीच वाकडं झालं नाही.

तरी देशभरच्या धरणांची यादी आणि तपासणी यांचा कायदा व्हायला १९७२ उजाडलं. त्या वर्षी बफेलो क्रीकवर कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ जण गेले होते. कायदा झाला, तपासणीला मात्र पैसे मिळाले नाहीत.

जॉर्जियातलं केली बार्न्स धरण एका बायबल कॉलेजच्या मालकीचं. १८९९ मध्ये विजेसाठी घातलेल्या दगडी बांधावर पुढे मातीचे थर चढत गेले. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि मागे उरला नुसता तलाव. भरावावर झाडं माजली. १९७३ च्या एका फोटोत खालच्या अंगाचा उतार बारा फूट उंच, तीस फूट रुंद असा घसरलेला दिसतो. ६ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री दीडच्या सुमारास, पावसाच्या झोडपणीनंतर, धरण फुटलं. खाली कॉलेजचीच वसाहत झोपलेली होती. ३९ मृत्यू.

राष्ट्राध्यक्ष कार्टर जॉर्जियाचेच. त्यांनी तपासणीचा आदेश दिला. चार वर्षांत सुमारे नऊ हजार धरणं पाहून झाली आणि जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित निघाली.

धोक्याच्या जास्त, मध्यम, कमी या वर्गवारीत भराव किती मजबूत आहे हे पाहतच नाहीत. धरण फुटलं तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच पाहतात. मला हा निकष पटतो. पण त्यामुळे मालकाने फावड्यालाही हात न लावता धरणाचा वर्ग बदलू शकतो. पायथ्याशी चार घरं झाली की झालं! कागद मात्र जुनाच राहतो. हवाईतलं का लोको हे ऊसमळ्यांसाठी १८९० मध्ये बांधलेलं धरण सरकारी दप्तरी ‘कमी धोक्याचं’ होतं. १४ मार्च २००६ रोजी ते फुटलं आणि सात जण वाहून गेले. सांडवा मातीने बुजवला गेल्याचं चौकशी अहवालात आलं. राज्याने त्या धरणाची तपासणी एकदाही केली नव्हती.

आपल्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यातही धोक्यानुसार वर्गवारी आहे, पण त्याआधी उंचीची चाळण लागते. १५ मीटरच्या वरची धरणं सरसकट कायद्याखाली येतात. १० ते १५ मीटरमधल्यांना भिंतीची लांबी किमान ५०० मीटर किंवा साठा किमान दहा लाख घनमीटर, अशांपैकी एखादी अट पुरी करावी लागते. केली बार्न्स १२ मीटरच्या आसपास उंच होतं, भिंत सव्वाशे मीटरच्या आत, साठा दहा लाखांहून कमी. या तिन्ही मापांत ते बसलं नसतं.