साखळी कोणाच्या हातात

व्हिसा वेळेवर आला असता तर ब्रूनो त्याच्याकडे वळलाच नसता. सेमिनरीत गेल्यापासून आमच्या शेजारच्या आंटींचा हा धाकटा मुलगा घरी यायचा तो पाहुण्यासारखा. नाताळ उरकला की परत पुण्याला, धर्मशास्त्राच्या पुस्तकांत. ब्रूनो त्याला ओळखायचा, शेपूट हलवायचा आणि पुन्हा आंटींच्या पायाशी जाऊन पसरायचा. मग गुरुदीक्षा झाली, आफ्रिकेतल्या टोगो देशात नेमणूक झाली आणि कागदपत्रं येईपर्यंत थांब असं वरून कळलं. एरवी तो त्याच्या धर्मसंघाच्या अंधेरीच्या हाऊसमध्येच थांबला असता, पण त्याच सुमारास आंटींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून वरिष्ठांनी घरी राहायला परवानगी दिली. पावसाळा गेला, गणपती गेले, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा गेली. तेवढ्यात कुत्र्याने माणूस बदलला.

आम्ही बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत राहतो, एकाच जिन्यावर. कॉलनीचं नाव मंडपेश्वरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून आलंय. तिथली शैव लेणी आणि त्यांच्या डोक्यावर सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन लोकांनी बांधलेल्या चर्चचे अवशेष, हे आमचं सकाळच्या फेरीचं ठिकाण. मी त्यांच्या धर्मातली नाही. पण इथे जिना एक असला की मयत, बारसं, नाताळचे गोड कलकल सगळं वाटून घेतलं जातं, आणि या वेळी माझ्या वाट्याला कुत्रा आला.

ब्रूनो रस्त्यावरचाच. कानाला नसबंदीची खाच, मागचा एक पाय थोडा आखडलेला, वय अकराच्या आसपास. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून सांगितलं होतं. लिफ्ट नाही म्हटल्यावर ते हसले. टोगोहून पहिली सुट्टी तीनएक वर्षांनी मिळणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा आणि तीन यांची बेरीज मात्र कोणी मोठ्याने केली नाही.

अंधेरी पूर्वेच्या महाकाली रोडवरून जाणाऱ्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे, पण सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड, म्हणजे एसव्हीडी, या संघाच्या बऱ्याच संस्था तिथे आहेत; आंटींचा मुलगा याच संघातला. हा संघ जर्मन धर्मगुरू आर्नोल्ड यान्सेन यांनी १८७५मध्ये नेदरलँड्समधल्या स्टाइल या गावी काढला. चारच वर्षांनी त्यांनी पहिले दोघे चीनला धाडले. त्यांतले योसेफ फ्राइनाडेमेट्झ टिरोलच्या डोंगरातले. १९०८मध्ये चीनमध्येच वारले, घर पुन्हा पाहिलं नाही. भारतात हे लोक १९३२ साली आले. महाकाली रोडवरच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श ख्रिस्ती भजनं रचत. ऑस्ट्रियाहून १९३४मध्ये आलेले फादर स्टीफन फुक्स मध्य भारतातल्या गोंड, बलाही लोकांचा अभ्यास करत राहिले, त्यांनीच १९५०मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर सुरू केली. साठ वर्षं इथे काढल्यावर प्रकृतीमुळे १९९६मध्ये त्यांना ऑस्ट्रियाला परतावं लागलं आणि २०००मध्ये ते तिकडेच वारले. मला नेहमी वाटतं, आयुष्यातला अवघड निरोप त्यांचा तो दुसरा असणार, अंधेरीचा. आता ओघ उलटा आहे. संघाचे सुमारे सहा हजार लोक सत्तरहून जास्त देशांत आहेत आणि त्यांत इंडोनेशियाच्या खालोखाल भारतीयच भरतात. कायमचं व्रत घेण्याआधी उमेदवाराने तीन पसंती कळवायच्या, निर्णय रोममध्ये होतो. आमच्या पोराने पहिली पसंती टोगोच लिहिली होती. आंटींना हे नंतर कळलं, आणि त्या एक दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आपल्याकडे हे नवीन नाही म्हणा. खाडीपलीकडच्या वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात पोरवयात जेझुइटांबरोबर जपानला गेला, त्यांनी संघात घेतलं नाही म्हणून व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२मध्ये त्याला संतपद मिळालं. आंटींच्या देवघराशेजारी त्याचं चित्र आहे. घरी काळजी नको म्हणून आमचा फादर त्या चित्राबद्दल कधी बोलत नाही.

लोकांसमोर आंटी पोटच्या पोराला फादर म्हणतात. घरात मात्र ‘बाबू, टॉवेल बाहेर घाल’.

औपचारिक निरोप पहिल्या महिन्यातच झाला. चर्चमध्ये मिस्सा झाली, प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांनी, गळ्यात मिशनचा क्रूस घातला, मनोरीहून नातेवाईक आले, जेवणात फुगे आणि सोरपोतेल झालं, केकवर आफ्रिकेचा नकाशा होता. आंटी रडल्या, बहीण रडली, केटररसुद्धा हळवा झाला. आणि नंतर कितीतरी महिने हा माणूस कॉलनीच्या बाजारात गवारीच्या शेंगा निवडताना दिसायचा. ‘फादर, अजून गेला नाहीत?’ हा प्रश्न ऐकून ऐकून त्याने बाजाराची वेळ बदलली, दुपारी दोनला जायला लागला.

त्या लांबलेल्या काळात काय काय झालं ते मी जवळून पाहिलं. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवा केंद्र, मग आपल्या पोलीस चौकीतून चौकशी. विमानतळाच्या आरोग्य केंद्रात पिवळ्या तापाची लस. एकच डोस, दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६पासून तो जन्मभर ग्राह्य धरतात. टोगोत या लसीचं कार्ड दाखवल्याशिवाय शिरता येत नाही. सकाळी फ्रेंचचे ऑनलाइन धडे. त्यानंतर तिकडे गेल्यावर एवे भाषा. आणि सकाळ-संध्याकाळ ब्रूनो. आंटींचा गुडघा बांधलेला, म्हणून साखळी त्याच्या हातात आली. कुत्र्याला वेळा पाळणारा माणूस लागतो आणि सेमिनरीतून आलेल्या माणसाइतकं घड्याळ कोणी पाळत नसेल. पावणेसहाला कुलूप उघडल्याचा आवाज आला की वरच्या मजल्यावर माझा गजर बंद करायला मी उठायची.

व्हिसा आल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्याने माझी बेल वाजवली. ‘ताई, उद्यापासून तुम्ही पण खाली येता का?’

जनावराची सवय एका हातातून दुसऱ्या हातात देणं हे काम हळू करायचं असतं, हे मला व्हेटने सांगितलं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हेही. फिरवणारा बदलायचा असेल तर खाणं तेच ठेवायचं, रस्ता तोच, वेळ तीच. सुरुवातीला आम्ही तिघं गेलो, साखळी त्याच्याकडे. मग साखळी माझ्याकडे, तो बाजूला. ब्रूनोला फरक पडला नाही, तो लेण्यांच्या मैदानात क्रिकेटचे स्टंप हुंगत राहिला. मग फादर चार पावलं मागे राहू लागला. इथे खरी अडचण आली. कुत्रा थांबायचा, वळून बघायचा आणि तो जवळ येईपर्यंत जागचा हलायचा नाही. ओढायचं नाही, नाव घेऊन चुचकारायचं नाही, आपण फक्त पुढच्या पावलाच्या तयारीत उभं राहायचं. कधी कधी दूधवाला, पेपरवाला, पहाटेच्या मिस्सेची माणसं, सगळी आम्हाला वळसा घालून जायची.

पुढची पायरी फादरने खाली न येण्याची. त्या दिवशी तो जिन्याच्या दाराआड उभा होता, हे मला आंटींनी सांगितलं. नंतर संध्याकाळचा भात मी कालवून द्यायला लागले, ब्रूनोच्याच ताटलीत. माझी जुनी ओढणी त्याच्या गोणपाटावर टाकली आणि फादरचा एक न धुतलेला टी-शर्ट तिथेच ठेवला. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना आंटींच्या नावावरच राहू दिला, नूतनीकरणाचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

गंमत अशी की घरातलं बाकीचं हस्तांतर नेमकं याच पद्धतीने चाललं होतं, फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं. महानगर गॅसचं आणि अदानीचं बिल आधी तो भरायचा. मग आंटी भरायच्या आणि तो बाजूला बसायचा. मग तो स्वयंपाकघरात जाऊन बसायला लागला. गोळ्यांच्या डबीवर त्याने वार लिहिले होते, ते नंतर आंटींच्या हाताने लिहून घेतले. वसईच्या बहिणीला रविवारी फोन करायचा शिरस्ता आधीपासून लावून दिला. केकवाल्या समारंभात सगळे रडले, पण आंटींचं घर रिकामं व्हायला तयार झालं ते या कामांनी. मला तो समारंभ आता पाहुण्यांसाठीच केला असं वाटतं.

आंटींच्या मिमी मांजरीला यातलं काही लागलं नाही. तिने फक्त त्याच्या पांढऱ्या कॅसॉकवर काळे केस सोडले, आणि तो तसाच घडी घालून बॅगेत गेला.

आमच्याच इमारतीतून आयटीतली माणसं कुत्री घेऊन परदेशी गेलेली आहेत, म्हणून मी एकदा विचारलं, न्यायचंच असतं तर? युरोपात भारतातून कुत्रा न्यायचा तर अंगात चिप बसवायची, रेबीजची लस द्यायची, ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं, प्रतिपिंडं मिलिलिटरला किमान ०.५ युनिट भरली पाहिजेत, आणि रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. जपानला थांबणं १८० दिवसांचं. शिवाय केंद्राच्या पशू संगरोध कार्यालयाचा दाखला. हे सगळं पैसे मोजून होतं. व्रतस्थ माणसाला प्रश्नच येत नाही; त्याच्या नावावर खातं नाही, उद्या कुठल्या गावात पाठवतील ते त्याच्या हातात नाही. त्याने एवढंच उत्तर दिलं, ‘ताई, मलाच कोणी नेतंय.’

सामान दोन बॅगांत, प्रत्येकी २३ किलो. न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आला. पुस्तकं काढली गेली, मिस्सेचे कपडे राहिले, आणि बॉटल मसाल्यावरून वाद झाला. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून कुटलेला, वीस-पंचवीस जिन्नसांचा हा मसाला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती, घरांत बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात. काच फुटेल म्हणून त्याने पिशवीत भरा म्हटलं. आंटी म्हणाल्या, पिशवीत त्याचा वास मरतो. शेवटी बाटलीच गेली, मोज्यांत गुंडाळून.

निघायच्या रात्री ब्रूनोला मी वर माझ्याकडे घेतलं. व्हेटचं म्हणणं होतं, दारात मिठ्या मारू नका, रोज जसं बाहेर पडता तसं पडा. फादरला ते जमलं. सहार विमानतळावर तिकीट असलेल्यालाच आत सोडतात, गाडी उभी राहिली की शिट्ट्या सुरू होतात, त्यामुळे आंटींच्या वाट्याला ट्रॉलीवर बॅगा चढवण्याइतका वेळ आला. त्यांनी तेवढ्यात त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि पाकीट आहे का विचारलं. आदिस अबाबा, तिथून लोमे.

ब्रूनोने दोन वेळचं जेवण टाकलं, मग खायला लागला. मैदानाच्या वळणावर अजून थांबतो, पण आता तो खुबाही असू शकतो, सांगता येत नाही. टी-शर्ट आम्ही धुतलेला नाही. आंटी चालायला लागल्यात, काठी घेऊन लेण्यांपर्यंत येतात.

मागच्या रविवारी तिकडून फोटो आला. मिशनच्या ओसरीवर फादर, आणि खुर्चीखाली एक पिवळट, हाडकुळं कुत्रं. आंटींनी फोटो मोठा करून पाहिला, चष्मा बदलून पुन्हा पाहिला आणि फोन माझ्याकडे दिला. ‘तू लिही त्याला. रेबीजचं इंजेक्शन दिलंय का ते विचार. दिलं नसेल तर आधी स्वतः घे म्हणावं.’