साइटचं 'स्थळ' नीट बघा!

लग्नासाठी स्थळ आलं की आपल्या घरची मंडळी कशी सीआयडीच्या थाटात कामाला लागतात! नोकरी कुठे, घर स्वतःचं की भाड्याचं, मामा काय करतो... आणि समोरच्यांनी काहीही सांगितलं तरी शेजारीपाजारी चौकशी होतेच. मग शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता, जन्मात न पाहिलेल्या साइटवर आपण हजारो रुपये बिनधास्त कसे भरतो?

आमच्या आठ जणांच्या ग्रुपला दापोलीला जायचं होतं. समुद्राला लागून बंगला, स्विमिंग पूल आणि भाडं इतरांच्या निम्मं! एका मैत्रिणीनं सगळ्यांचे मिळून १८ हजार भरले. दुसऱ्या दिवशी साइटवरचा फोन बंद. पैसे गेलेच, पण ती बिचारी आठवडाभर कुणाच्या नजरेला नजर देईना. ''अरे, पण साइटवर कुलूप होतं ना,'' एवढंच म्हणायची. तेव्हापासून साइट तपासायचं खातं माझ्याकडे आलंय.

कुलूप म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट नव्हे

ते कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि साइटमध्ये जे बोलणं चाललंय, ते मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही. पलीकडे सज्जन बसलाय की भामटा, ते नाही. हे सर्टिफिकेट २०१५पासून फुकटात मिळतं, भामट्यालाही. लोकांचा असाच गैरसमज होतो म्हणून २०२३ मध्ये गूगलनं क्रोमच्या अॅड्रेस बारमधून कुलूप काढूनच टाकलं.

आडनाव वाचा

साइटच्या पत्त्यात 'डॉट कॉम', 'डॉट इन' किंवा 'डॉट को डॉट इन'च्या लगेच आधीचा शब्द म्हणजे खरं आडनाव. 'आयआरसीटीसी डॉट को डॉट इन' ही रेल्वेची साइट. पण 'आयआरसीटीसी डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असेल, तर मालक अमुकतमुक! बँकांचं काम आता आणखी सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकांसाठीच राखीव आहे.

जन्मतारीख काढा

'हूइज लुकअप'मध्ये पत्ता टाका, साइटचं नाव कधी नोंदवलं ते कळतं. '२० वर्षांची परंपरा' सांगणाऱ्या साइटचा जन्म तीन आठवड्यांपूर्वीचा निघाला, तर समजून जा. अर्थात, नवी साइट म्हणजे लगेच खोटी असं नाही; पण मग बाकीची चौकशी दुप्पट करा.

नाव-गाव विचारा

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीनं आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यायलाच हवा. नुसता 'आम्हाला लिहा'चा फॉर्म चालणार नाही. १५ अक्षरी जीएसटी नंबर दिलेला असेल तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा, लॉगिनही लागत नाही. महाराष्ट्रातला नंबर २७नं सुरू होतो. छोट्या होमस्टेकडे हा नंबर नसूही शकतो. पण नंबर दिलाय आणि पोर्टलवर नाव भलत्याच धंद्याचं निघतंय, तर तिथून पळा!

शेजाऱ्यांना विचारा

साइटवरचे रिव्ह्यू म्हणजे मुलाच्या आईनं केलेलं मुलाचं कौतुक. ते बाजूला ठेवा. फोटो गूगल लेन्समध्ये टाका. 'दापोलीचा' पूल थेट बालीतल्या रिसॉर्टचा निघू शकतो. केअरटेकरला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवायला सांगा. खरा माणूस हौसेनं दाखवतो, खोट्याचं नेटवर्क नेमकं तेव्हाच जातं!

आणि यूपीआयचा पिन टाकण्याआधी स्क्रीनवर येणारं नाव वाचा. रिसॉर्टचे पैसे कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात चालले असतील, तर तिथेच थांबा. 'पाच मिनिटांत ऑफर संपेल' असं घड्याळ टिकटिकत असलं तरी. ते घड्याळ तुम्ही चौकशी करू नये म्हणूनच लावलेलं असतं.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३०ला फोन करा, बँकेला कळवा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात, पण त्यासाठी पहिले काही तासच महत्त्वाचे. ग्रुपला काय सांगायचं, ते नंतर बघू!